दूरचं स्टेशन लावताना: मीडियम वेव्हपासून उपग्रहाच्या डिशपर्यंत

हजारो किलोमीटर दूरच्या मनोऱ्यावरून निघालेली रेडिओलहर असो, की विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असलेल्या उपग्रहाचा सिग्नल असो, तो तुमच्या छतापर्यंत बहुतेक वेळा पोचलेलाच असतो. तो कळत नाही, कारण त्याच्यावर दुसऱ्याच गोष्टींचं पांघरूण असतं: घरातल्या दिव्यांची आणि चार्जरची खरखर, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचं दांडगं स्टेशन, चुकीची वेळ, किंवा डिशच्या कडेने आत शिरणारी जमिनीची उष्णता. या छंदातलं जवळजवळ प्रत्येक काम म्हणजे हे पांघरूण बाजूला करणं. नवीन माणूस आधी मोठा रेडिओ, मोठी डिश, ताकदवान ॲम्प्लिफायर शोधतो. माझं सांगणं असं की आधी गोंगाट कमी करा, मग वेळ ओळखायला शिका, आणि उपकरण मोठं करायचा विचार त्यानंतर करा. पुढचा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आधी रेडिओ आणि मग उपग्रह, कारण रेडिओवर वर्षभर कान बसला की डिशची बरीचशी कामं आपोआप समजायला लागतात.

पहिला रेडिओ

लहान, बॅटरीवर चालणारा आणि फ्रिक्वेन्सी आकड्यांत दाखवणारा रेडिओ सुरुवातीला पुरतो. घेताना चार गोष्टी बघा. एक-एक किलोहर्ट्झच्या टप्प्याने ट्यून करता आलं पाहिजे. बँडविड्थ, म्हणजे एका वेळी किती रुंद पट्टा ऐकायचा ते, कमी-जास्त करता आली पाहिजे. एसएसबीची, म्हणजे सिग्नलची एकच बाजू ऐकण्याच्या पद्धतीची, सोय हवी. बाहेरची अँटेना जोडायला सॉकेट हवं. यांतली एसएसबी अनेकजण गाळतात, कारण ती हॅम मंडळींसाठी, म्हणजे स्वतः प्रक्षेपण करणाऱ्या हौशी लोकांसाठी, असते असा समज आहे. प्रत्यक्षात क्षीण स्टेशन शोधायला तिच्यासारखं साधन नाही. साध्या एएम मोडमध्ये जिथे फक्त सुस्कारा ऐकू येतो, तिथे एसएसबी लावली की खाली दबलेल्या कॅरिअरची, म्हणजे स्टेशनच्या मूळ लहरीची, शीळ ऐकू येते, आणि इथे कोणीतरी आहे हे लगेच कळतं.

संगणकाला जोडायचे एसडीआर, म्हणजे बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारे, रिसीव्हर ही पुढची पायरी. डिजिटल टीव्हीसाठी बनवलेल्या साध्या यूएसबी डाँगलचा रिसीव्हर म्हणून उपयोग होतो हे २०१२ मध्ये समोर आलं, आणि तेव्हापासून हा मार्ग सगळ्यांना खुला झाला. त्याचा मोठा फायदा म्हणजे पट्टा डोळ्यांनी दिसतो आणि सगळाच्या सगळा रेकॉर्ड करून नंतर सावकाश तपासता येतो. मात्र या डाँगलपैकी बरेच २४ मेगाहर्ट्झच्या खाली जोडणीत बदल केल्याशिवाय किंवा कन्व्हर्टर लावल्याशिवाय चालत नाहीत, हे घेण्याआधी बघा.

इंटरनेटवरून चालवता येणारे दूरस्थ रिसीव्हरही आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २००८ पासून त्यासाठी प्रसिद्ध आहे. एखादं स्टेशन आत्ता हवेत आहे की नाही, हे तपासायला त्यांचा जरूर उपयोग करा. त्यांच्यावर ऐकलेलं स्टेशन मात्र आपल्या नोंदवहीत आपलं म्हणून लिहू नये.

गोंगाटाची शोधमोहीम

हे काम एका संध्याकाळी, सलग, मन लावून करा. रेडिओ बॅटरीवर ठेवा, शॉर्टवेव्हवर कुठलंही स्टेशन नसलेली जागा निवडा आणि आवाज नीट ऐका. मग घराचा मुख्य स्विच बंद करा. खरखर एकदम उतरली तर दोषी तुमच्याच घरात आहे, आणि ही आनंदाची बातमी समजा, कारण तो तुमच्या हातातला आहे. आता एकेक सर्किट पुन्हा चालू करत जा. कुठल्या सर्किटला खरखर परतली ते कळलं की त्यावरची उपकरणं एकेक करून काढा.

प्रत्येक दोषीची बोली वेगळी असते आणि ती लवकर ओळखता येते. स्विचिंग प्रकारचा चार्जर किंवा ॲडॉप्टर ट्यून करत गेलं की ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उगवणारा भुणभुणाट देतो. निकृष्ट एलईडी दिवा सलग, खरबरीत गुणगुण करतो. सौर इन्व्हर्टर सूर्य वर असेपर्यंतच त्रास देतो आणि अंधार पडला की गप्प होतो. विजेच्या तारांतून इंटरनेट नेणारी उपकरणं तर शॉर्टवेव्हचे पट्टेच्या पट्टे बुजवतात, आणि तिथे उपकरण बदलण्याशिवाय उपाय नसतो. बाकी ठिकाणी फेराइटची कडी कामाला येते, पण केबलवर ती नुसती अडकवून फारसा फरक पडत नाही. केबलचे शक्य तितके वेढे तिच्यातून घ्या. वेढे दुप्पट झाले की अडथळा साधारण चौपट होतो.

मुख्य स्विच बंद करूनही गोंगाट तसाच राहिला, तर छोटा रेडिओ हातात धरून घराभोवती फिरा. मीडियम वेव्हवर रेडिओतला फेराइट दांडा दिशादर्शक असतो: दांड्याचं टोक गोंगाटाच्या उगमाकडे वळलं की आवाज पडतो. दोन वेगळ्या जागांवरून ती दिशा घेतली की दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे उगम सापडतो.

अँटेना

शॉर्टवेव्हसाठी पाच ते सात मीटर तार घराबाहेर, भिंतीपासून आणि विजेच्या वायरिंगपासून शक्य तितकी लांब ताणली, तरी फरक लगेच जाणवतो. याहून लांब तार लहान रेडिओला थेट लावू नका. रेडिओच्या आत सिग्नल पहिल्यांदा पोचतो तो भाग भाराखाली दबतो आणि एकाच स्टेशनची भुतं भलत्याच जागी उगवतात. लांब तार लावायचीच असेल, तर तारेच्या मुळाशी नऊला एक प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर, तिथेच वेगळं अर्थिंग (जमिनीशी जोडणी), आणि तिथून घरात येणारी कोॲक्स केबल अशी रचना करा. अर्थिंग घराच्या वायरिंगचं वापरलं तर सगळा गोंगाट त्याच वाटेने अँटेनावर चढतो.

जागा नसेल, घर गोंगाटात बुडालेलं असेल, तर सुमारे एक मीटर व्यासाची लूप अँटेना घ्या. लूप सिग्नल कमी देते, पण गोंगाट त्याहून जास्त कमी करते, आणि आपल्याला दोन्हींतलं अंतरच हवं असतं. उभ्या लूपला तिच्या कडेच्या दिशेने जास्तीत जास्त ऐकू येतं आणि तिच्या सपाट तोंडाच्या दिशेने कमीत कमी. ती फिरवून आपल्याला हवं ते स्टेशन वाढवायच्या मागे लागू नका. नको ते बुडवा. कमाल बिंदू पसरट असतो, दहा-वीस अंशांनी काही बिघडत नाही. शून्य बिंदू मात्र धारदार असतो आणि दांडगं स्टेशन त्यात अक्षरशः नाहीसं होतं. त्याच फ्रिक्वेन्सीवर खाली दुसरं, दूरचं स्टेशन बोलत असतं. मीडियम वेव्हवरची ही कमाई मला या छंदात सगळ्यांत मोलाची वाटते, कारण तिला एकही नवी वस्तू लागत नाही.

वादळी हवा दिसली की बाहेरची प्रत्येक अँटेना रेडिओपासून काढून ठेवायची. याला अपवाद नाही.

सूर्याचं वेळापत्रक

दिवसा जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर वातावरणाचा डी थर तयार होतो आणि मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि त्याच लहरी वरच्या एफ थरापर्यंत जाऊन परत खाली येतात. एफ थरावरून घेतलेली एक उडी तीन-चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. शॉर्टवेव्हवर साधारण नियम असा: दिवसा १५ मेगाहर्ट्झच्या वरचे पट्टे, रात्री ५ ते ७ मेगाहर्ट्झ, आणि ९ ते १२ मेगाहर्ट्झ हा दोन्ही वेळांना साथ देणारा मधला भाग. पहाट आणि तिन्हीसांज यांना वेगळं महत्त्व आहे. तुमचं ठिकाण आणि स्टेशनचं ठिकाण दोन्ही एकाच वेळी उजेड-अंधाराच्या सीमेवर असतील, तर त्या रेषेवरून काही मिनिटंच टिकणारी अशी वाट उघडते, जी एरवी दिवसभरात मिळत नाही. नकाशावर ही रेषा रोज बघायची सवय लावा.

मोठा काटा अकरा वर्षांचा. सूर्यावरचे डाग वाढले की वरचे पट्टे उघडतात, कमी झाले की व्यवहार खालच्या पट्ट्यांवर सरकतो. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, आणि सूर्य कमाल टप्प्यात पोचल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. चक्र भरात असताना काय होऊ शकतं याचं जुनं उदाहरण १९३८ चं. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून निघणारी बीबीसीची टीव्हीची चित्रं त्या वर्षी अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कजवळ दिसली, आणि पडद्यावरून घेतलेलं त्यांचं चित्रीकरण आजही उपलब्ध आहे.

रोज दोन आकडे बघा. पहिला सौर प्रवाह निर्देशांक, जो कॅनडातल्या पेंटिक्टनजवळ १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर मोजतात. तो चढा असेल तर वरचे पट्टे तपासायला जा. दुसरा के निर्देशांक, शून्य ते नऊ. पाच किंवा वर म्हणजे भूचुंबकीय वादळ, आणि ध्रुवांजवळून येणारे मार्ग बंद. सूर्यावर मोठा भडका उडाला तर त्याचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पोचतात आणि उजेडाच्या बाजूची शॉर्टवेव्ह काही मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत ओस पडते. रेडिओ अचानक मुका झाला तर तो उघडायच्या आधी हे तपासा.

आकड्यांपेक्षा खात्रीची गोष्ट म्हणजे हवेतल्या खुणा. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं वेळ सांगणारं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि हवाईमधलं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच ही दोन स्टेशनं २.५, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झ याच फ्रिक्वेन्सींवर एकत्र चालतात. मिनिट पूर्ण व्हायला पंधरा सेकंद असताना बाईचा आवाज आला तर हवाई, साडेसात सेकंद असताना पुरुषाचा आवाज आला तर कोलोरॅडो. कोण ऐकू येतं, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, यावरून आत्ता कुठली वाट उघडी आहे ते मिनिटभरात कळतं. आणखी बारीक मोजमाप हवं असेल तर हॅम मंडळींचे आंतरराष्ट्रीय बीकन १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर ऐका. जगभरातली अठरा स्टेशनं प्रत्येकी दहा सेकंद घेतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक स्टेशन आपलं नाव मोर्समध्ये सांगून चार लांब ठोके देतं: १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि ०.१ वॅट. चौथा ठोका ऐकू आला तर समजा की त्या दिशेला आज आकाश स्वच्छ आहे.

मीडियम वेव्हवरची महासागरापलीकडची वाट ओळखायची खूण निराळी. युरोप, आफ्रिका, आशियात स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात आणि अमेरिका खंडांत १० च्या. ९ च्या प्रदेशात असाल तर एसएसबी लावून ११२५ आणि ११३४ च्या मध्ये ११३० वर कान ठेवा. तिथे शीळ ऐकू आली तर ती बहुधा पलीकडून आलेली आहे.

अनोळखी स्टेशन ओळखायचं कसं

रात्री ९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कुठेतरी अनोळखी भाषेत बोलणं लागलं आहे, क्षीण, वर-खाली होणारं. पहिल्यांदा फ्रिक्वेन्सी नक्की करा. एसएसबीवर शीळ इतकी खाली आणा की ती नाहीशी होते. तो आकडा खरा. शॉर्टवेव्हवर बहुतेक प्रसारणं ५ किलोहर्ट्झच्या पटीत असतात, त्यामुळे ९५७४.८ दिसलं तर ते ९५७५ वरचं, थोडं घसरलेलं प्रक्षेपक यंत्र असू शकतं, आणि हे घसरणंच पुढे त्याची ओळख बनतं. मग वरची आणि खालची साइडबँड, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजू, ऐकून बघा. शेजारच्या स्टेशनचा त्रास एकाच बाजूने असतो. ज्या बाजूला शांतता आहे तिथे राहा आणि बँडविड्थ जेमतेम शब्द कळतील इतकी आवळा.

तासाला तीन मिनिटं कमी असताना रेकॉर्डिंग सुरू करा आणि तास उलटून तीन मिनिटं होईपर्यंत बंद करू नका. स्टेशनची घोषणा, ओळखधून, वेळेचे ठोके, बातम्यांची सुरुवात हे सगळं याच पट्टीत येतं. भाषा येत नसली तरी हरकत नाही. देशाचं, शहराचं नाव कुठल्याही भाषेत कानाला लागतं, विशेषतः तेच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं तर. कार्यक्रम चालू असतानाच दुसऱ्या पट्ट्यावर तोच आवाज सापडतो का ते बघा. तोच कार्यक्रम दोन ठिकाणी मिळाला की वेळापत्रकातली शक्यता एकदम एक-दोनवर येते.

वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या आठवड्यात जुने तक्ते बाजूला ठेवून सगळा पट्टा नव्याने चाळा. स्टेशनं चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर येतात, एकमेकांवर आदळतात, चाचणीची प्रसारणं करतात. वर्षभरात ऐकण्यासारखे इतके चांगले दिवस दुसरे नाहीत.

नोंदवही आणि अहवाल

तारीख, यूटीसी (जगभर एकच असलेली प्रमाण) वेळ, किलोहर्ट्झमध्ये फ्रिक्वेन्सी, भाषा, काय ऐकलं, अँटेना कोणती, आणि सिनपो, म्हणजे ऐकण्याच्या दर्जाचे पाच आकडे. स्थानिक वेळ लिहूच नका. उन्हाळी वेळ बदलणाऱ्या देशांमुळे जुन्या नोंदी वाचताना गोंधळ होतो. सिनपोमध्ये सिग्नलची ताकद, इतर स्टेशनांचा अडथळा, नैसर्गिक-विद्युत गोंगाट, चढउतार आणि एकूण ऐकण्याची प्रत असे पाच आकडे असतात, प्रत्येक एक ते पाच, आणि पाच म्हणजे उत्तम. शेवटचा आकडा आधीच्या चारांच्या सरासरीपेक्षा त्यांतल्या सर्वांत वाईटाजवळ असतो: ५२४४२ हे प्रामाणिक मोजमाप आहे, ५२४४४ नाही.

स्टेशनला अहवाल पाठवून त्यांचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पावती, मिळवणं ही जुनी आणि अजून जिवंत असलेली रीत. अहवालात निदान पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रमाचा तपशील मिनिटांसह द्या: किती वाजता कोणता आवाज, कसलं संगीत, कोणता विषय. 'छान ऐकू आलं' एवढ्यावर कोणाला काही पडताळता येत नाही. वाईट ऐकू आलं असेल तर वाईट लिहा. प्रसारण करणाऱ्या अभियंत्याला तेच हवं असतं. आता कार्डाऐवजी ईमेलने येणारी प्रतही अनेक स्टेशनं देतात.

एफएमवरही दूरचं येतं, फक्त पाहुण्यासारखं, अनपेक्षित. उन्हाळ्यात सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर ई थराचे दाट तुकडे तयार होतात आणि हजार ते दोन हजार किलोमीटरवरची एफएम स्टेशनं स्थानिक असल्यासारखी घुमतात, कधी पाच मिनिटं, कधी दोन तास. अशा वेळी आरडीएसचा (एफएमसोबत येणाऱ्या डिजिटल माहितीचा) संकेतक्रमांक टिपायची सोय असलेला रिसीव्हर हाताशी हवा, कारण नाव ऐकायला वेळ मिळतोच असं नाही.

उपग्रहाकडे वळताना

भूस्थिर उपग्रहांवरून प्रसारणाची कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडली. घरच्या माणसाने त्या प्रसारणापर्यंत पोचण्याची सुरुवात मात्र सत्तरच्या दशकातली. भारतातल्या खेड्यांसाठी १९७५-७६ मध्ये एटीएस-६ उपग्रहावरून ८६० मेगाहर्ट्झवर शैक्षणिक टीव्ही चालायचा. ती चित्रं इंग्लंडमधल्या शेफील्डला स्टीव्ह बर्किल यांनी घरी जुळवलेल्या सामग्रीवर पकडली. १९७६ मध्ये स्टॅनफर्डचे प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी कॅलिफोर्नियात सी बँड या उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सीपट्ट्यासाठी स्वतःचं केंद्र उभं केलं. त्यांच्या वेळी ॲनालॉग चित्र दाणेदार होत होत बुडायचं. आता डिजिटलमध्ये उंबरठा असतो: त्याच्यावर निखळ चित्र, खाली काळा पडदा. म्हणून अर्धा डेसिबल कमावणं पूर्वीपेक्षा आज जास्त मोलाचं आहे. क्यूपीएसके (सिग्नलमध्ये माहिती भरायची सोपी पद्धत) आणि १/२ एफईसी (चुका सुधारायला जोडलेल्या जादा माहितीचं प्रमाण) असलेल्या डीव्हीबी-एस२ या डिजिटल उपग्रह मानकाच्या प्रसारणाला सिद्धांतानुसार सुमारे १ डेसिबलचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर पुरतं, तर माहिती जास्त दाटीने भरणाऱ्या ८पीएसके आणि ३/४ ला सुमारे ७.९ डेसिबल लागतं. एकाच उपग्रहावरचा एक वाहिनीसमूह लागतो आणि शेजारचा नाही, याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

सी बँड ३.४ ते ४.२ गिगाहर्ट्झ, केयू बँड १०.७ ते १२.७५. डिशचा झोत किती रुंद, याचा ढोबळ हिशेब: तरंगलांबीला व्यासाने भागून सत्तरने गुणा. ४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ७.५ सेंटिमीटर, म्हणून २.४ मीटरची डिश सुमारे २.२ अंश बघते. १२ गिगाहर्ट्झला ९० सेंटिमीटरची डिश सुमारे १.९ अंश. शेजारचे उपग्रह दोन-तीन अंशांवर बसलेले असतात, त्यामुळे सी बँडवर लहान डिश लावली तर सिग्नल कमी मिळतोच, वर शेजाऱ्याचाही आत येतो. केयूवर पाऊस सिग्नल खातो, सी बँडवर फारच कमी. सी बँडचा सध्याचा शत्रू म्हणजे ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारं ५जी. त्याने एलएनबी (डिशसमोर बसणारं, सिग्नल वाढवून केबलमध्ये सोडणारं यंत्र) दबून जाते, आणि तेव्हा एलएनबीच्या तोंडाशी बसणारा, फक्त हवा तो पट्टा आत सोडणारा फिल्टर लागतो.

डिश उभी करणं

जागा निवडताना उपग्रहाची दिशा आणि उंची ॲपवरून काढा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी नाही, त्यामुळे तुमच्या ठिकाणचा फरक धरा. लोखंडी खांबाजवळ तर होकायंत्रावर विसंबूच नका. खांब गाडताना ओळंबा दोन काटकोनी बाजूंनी लावून बघा. खांब अर्धा अंश कलला तर एका उपग्रहाला चालून जातं, पण डिश फिरती करायची ठरवलीत की तीच चूक सगळ्या आकाशभर पसरते.

मोठी जाळीची किंवा पत्र्याची डिश जोडून झाली की तिच्या काठावरून एकमेकींना काटकोनात दोन दोऱ्या घट्ट ताणा. मध्यावर दोन्ही एकमेकींना हलकेच स्पर्श करायला हव्यात. अंतर पडलं किंवा एक दुसरीला दाबत असेल, तर डिश पिळलेली आहे. ते आधी सरळ करा, कारण पिळलेल्या डिशचा तोटा पुढे कुठल्याही एलएनबीने भरून निघत नाही. नाभीचं, म्हणजे सगळा सिग्नल एकवटतो त्या बिंदूचं, डिशच्या तळापासूनचं अंतर काढायला व्यासाचा वर्ग घ्या आणि सोळा गुणिले खोली याने भागा. व्यास २४० आणि खोली ४० सेंटिमीटर असेल तर नाभी ९० सेंटिमीटरवर. हा बिंदू फीडहॉर्नच्या (एलएनबीच्या पुढच्या नळकांड्याच्या) तोंडाच्या किंचित आत यायला हवा. आधी मापाने बसवा, शेवटची जुळणी मीटर बघून मिलिमीटर-मिलिमीटरने करा.

ऑफसेट डिश (जिची एलएनबी मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असते ती) दिसते त्यापेक्षा वर बघत असते, साधारण वीस ते पंचवीस अंशांनी. ती जवळजवळ उभी दिसली तरी घाबरू नका. कंसावर कोरलेली खूण पाळा.

एलएनबीबद्दल एवढं पक्कं असू द्या. युनिव्हर्सल केयू एलएनबीत ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ असे दोन ऑसिलेटर, आणि वरचा पट्टा २२ किलोहर्ट्झच्या टोनने निवडला जातो. सी बँडला ५१५०. रिसीव्हर १३ व्होल्ट देतो तेव्हा उभं ध्रुवण (लहरीच्या कंपनाची दिशा), १८ व्होल्ट देतो तेव्हा आडवं. काही उपग्रह वर्तुळाकार ध्रुवण वापरतात. त्यांच्यासाठी साध्या फीडहॉर्नमध्ये टेफ्लॉनची पट्टी ४५ अंशांत बसवतात, नाहीतर निम्मा सिग्नल वाया जातो.

उपग्रह सापडेपर्यंत

हव्या त्या उपग्रहावरचा सगळ्यांत ताकदवान आणि सध्या नक्की चालू असलेला ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) निवडा. फ्रिक्वेन्सी, ध्रुवण आणि सिम्बॉल रेट (डिजिटल संकेतांचा वेग) रिसीव्हरमध्ये भरा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. ताकदीची पट्टी विसरा. ती एलएनबी जोडली की नुसत्या गोंगाटावरही चढते. लक्ष गुणवत्तेच्या पट्टीवर.

उंची काढलेल्या आकड्यावर ठेवा आणि डिश पूर्व-पश्चिम हळू सरकवा. अर्धा अंश सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, पुन्हा अर्धा अंश. रिसीव्हरला पकड घ्यायला तेवढा वेळ लागतो, आणि दोन अंशांचा झोत घाईत सहज ओलांडला जातो. या टोकापासून त्या टोकापर्यंत काही मिळालं नाही तर उंची एक अंश बदला आणि परत फिरा. पकड आली की लगेच बोल्ट आवळू नका. आधी हा हवा तोच उपग्रह आहे का ते वाहिन्यांच्या नावांवरून पडताळा. मग दोन्ही बाजूंना गुणवत्ता सारखीच पडते ते बिंदू खडूने आखा आणि डिश त्यांच्या बरोबर मध्ये आणा. माथ्यावर फरक कळत नाही, उतारावर कळतो, म्हणून मध्य असाच काढायचा.

आता एलएनबी फिरवा. उपग्रह तुमच्या रेखांशापासून जितका पूर्वेला किंवा पश्चिमेला, तितकी तिला कलवावी लागते. उभ्या ध्रुवणावर उत्तम वाटलं की आडव्यावर जाऊन बघा. दोन्हींवर चांगला आकडा देणारी जागाच खरी. बोल्ट आवळताना डिश हमखास थोडी हलते, त्यामुळे मीटर समोर ठेवून थोडा हा, थोडा तो असे आवळा. कनेक्टरवर पाणी शिरणार नाही अशी टेप गुंडाळा आणि केबलला एक लोंबता वेढा ठेवा, म्हणजे पाणी त्याच्या तळाशीच गळून पडेल.

ब्लाइंड स्कॅन, म्हणजे तक्त्याशिवाय स्वतःच सगळं शोधायची सोय, असलेला रिसीव्हर घ्या. वृत्तसंस्था घटनास्थळावरून तात्पुरते पाठवतात ते फीड कुठल्याही तक्त्यात नसतात, आणि पुढचा आनंद बराचसा तिथेच आहे. खुली प्रसारणं बघा, बंद असलेली उघडायच्या वाटेला जाऊ नका. काय ऐकायला-बघायला परवानगी आहे आणि डिश कुठे लावता येते, याचे नियम देशागणिक बदलतात. ते आधी माहीत करून घ्या.

फिरती डिश, सूर्य आणि कललेले उपग्रह

फिरत्या डिशचा मध्य खऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर हवा. ही रेषा सूर्याकडून घ्या: त्या दिवशीच्या सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या बरोबर मधल्या क्षणी उभ्या काठीची सावली ज्या रेषेत पडते, ती. मोटरवर तुमचा अक्षांश लावा आणि आधी तुमच्या रेखांशाजवळचा, कमानीच्या माथ्यावरचा उपग्रह साधा. मग पूर्व आणि पश्चिम टोकाचे उपग्रह तपासा. दोन्ही टोकांना डिश एकाच बाजूने चुकत असेल तर उंचीचा प्रश्न. एकीकडे वर, दुसरीकडे खाली चुकत असेल तर खांब किंवा दक्षिणोत्तर रेषा फिरलेली.

विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य रोज काही मिनिटं उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि सिग्नल जातो. त्याची वेळ आधी काढता येते, आणि ती जागा निवडायला फुकटची चाचणी आहे: त्या क्षणी डिशच्या नियोजित जागेवर झाडाची किंवा भिंतीची सावली पडत असेल, तर तो उपग्रह तिथून दिसणार नाही. चकचकीत रंगाची डिश मात्र त्या वेळी एलएनबी जाळू शकते. रंग मॅटच हवा.

सरावलेल्या माणसासाठी शेवटचं, आणि मला सगळ्यांत रंगवणारं क्षेत्र म्हणजे कललेल्या कक्षेतले जुने उपग्रह. इंधन वाचवायला त्यांना उत्तर-दक्षिण सावरणं थांबवलेलं असतं. मग कक्षा दरवर्षी अंशाच्या आठ-नऊ दशांशांनी कलत जाते आणि उपग्रह आकाशात रोज एक उभा आठाचा आकडा काढतो. स्थिर डिशवर तो दिवसातून दोनदा झोतातून जातो. दर तासाला गुणवत्तेचा आकडा लिहून ठेवा; दोन-तीन दिवसांत त्याची वेळ कळते. ही फेरी २३ तास ५६ मिनिटांची असते, त्यामुळे खिडकी रोज चार मिनिटं अलीकडे सरकते, महिन्याला दोन तास. आज मध्यरात्री लागणारा फीड सहा महिन्यांनी भर दुपारी लागेल, आणि त्या हिशेबाने टाइमर लावून ठेवता येतो.